पाळी गेल्यावर हार्मोन येतं कुठून?

मावशीच्या स्तनातल्या गाठीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला, कॅन्सर निघाला, तेव्हा घरच्यांनी तो आधी मला पाठवला. मी ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे असले कागद मला वाचता येतात असा सगळ्यांचा समज आहे. ईआर पॉझिटिव्ह, ऑलरेड स्कोअर 8 पैकी 8. पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची खूण, पॉझिटिव्ह. हर-टू, म्हणजे वाढीचा हुकूम घेणारं आणखी एक प्रथिन, निगेटिव्ह. मी फोनवर समजावून सांगितलं की ही गाठ इस्ट्रोजेन नावाच्या हार्मोनवर पोसलेली आहे, त्यातल्या त्यात बरा प्रकार आहे, गोळ्यांना दाद देणारा. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पण माझी पाळी जाऊन चौदा वर्षं झाली. आता कुठलं आलंय हार्मोन?"

प्रश्न बिनतोड होता. "शरीरात थोडंफार असतंच गं" असं गुळमुळीत काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली आणि फोन ठेवल्यावर वाचायला बसले. खरं उत्तर हाती लागलं ते गाठीच्या आत नव्हतंच. ते गाठीच्या शेजारात होतं.

मावशीचा प्रश्न तसा सव्वाशे वर्षं जुना आहे. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी तरुणपणी आईच्या दुधावर प्रबंध लिहिला होता. त्या वाचनात त्यांना कळलं की व्यायलेल्या गाईचे बीजांडकोश काढून टाकले तर ती लांबपर्यंत दूध देत राहते. म्हणजे पोटातल्या बीजांडकोशाचा आणि स्तनाचा काहीतरी धागा आहे. 1895 साली त्यांनी स्तनाचा कॅन्सर हाताबाहेर गेलेल्या एका 33 वर्षांच्या बाईचे बीजांडकोश काढले आणि तिच्या गाठी विरघळल्या. 1896 मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. इस्ट्रोजेन हा शब्दही तेव्हा अस्तित्वात नव्हता. पुढे 1950च्या दशकाअखेर शिकागो विद्यापीठात एल्वूड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन उंदरांना टोचून दाखवलं की ते काही ठरावीक अवयवांतच धरून ठेवलं जातं, कारण तिथल्या पेशींत ते पकडणारं प्रथिन असतं. तेच इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे रिपोर्टातलं 'ईआर'. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण 70 टक्के कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह असतात.

इथवर सगळं सरळ आहे. बीजांडकोश इस्ट्रोजेन बनवतो, गाठ ते खाते. पण मग बीजांडकोश वयानं थकले की हा प्रकार कमी व्हायला हवा. होतं उलटंच. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरचं प्रमाण पाळी गेलेल्या बायकांतच जास्त असतं.

याचं उत्तर कळायला आधी निरोगी स्तनात काय चालतं ते पाहावं लागेल. स्तनात दुधाच्या नळ्या असतात आणि त्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. बहुतेक कॅन्सर याच अस्तरात सुरू होतात. अस्तराभोवती एक पातळ वेष्टन, आणि त्याबाहेर सगळा शेजार: चरबी, रक्तवाहिन्या, रोगप्रतिकारक पेशी, आणि कोलॅजेनचे तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या सडपातळ पेशी. शाळेच्या पुस्तकात या शेजाराला 'आधार देणारी ऊती' म्हणून एका ओळीत उरकतात. मीही वर्षानुवर्षं तसंच शिकवत आले.

आता गंमत बघा. वयात येताना इस्ट्रोजेनमुळे नळ्या वाढतात हे खरं, पण अस्तरातल्या ज्या पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर असतो त्या स्वतः जवळजवळ कधीच विभागत नाहीत. विभागतात त्यांच्या बाजूच्या, रिसेप्टर नसलेल्या पेशी. मँचेस्टरच्या संशोधकांनी 1997 मध्ये मानवी स्तनाच्या नमुन्यांत दोन्ही खुणा एकाच वेळी रंगवून हे दाखवलं. म्हणजे हार्मोनचा हुकूम ऐकणारी एक आणि काम करणारी दुसरी. मधला निरोप कोण नेतं?

उंदरांवरच्या प्रयोगांतून जी साखळी उलगडली ती मला फार आवडते. रिसेप्टर असलेली पेशी इस्ट्रोजेन मिळालं की अँफिरेग्युलिन नावाचं एक प्रथिन सोडते. हे प्रथिन थेट शेजारच्या अस्तरपेशीकडे जात नाही. ते वेष्टनाबाहेर जातं, फायब्रोब्लास्टकडे. फायब्रोब्लास्ट ते ऐकून आपली स्वतःची वाढीची द्रव्यं तयार करतात आणि ती पुन्हा आत पाठवतात. मग कुठे अस्तर वाढायला लागतं. हे पारखायला संशोधकांनी अस्तर एका उंदराचं आणि शेजार दुसऱ्याचा अशी कलमं केली. अँफिरेग्युलिन ऐकणारा कान अस्तरातून काढून टाकला तरी नळ्या छान वाढल्या. तोच कान शेजारातून काढला, तर धडधाकट अस्तरसुद्धा ढिम्म हललं नाही.

आपल्याकडे लग्न जमवताना दोन्ही घरं थेट बोलत नाहीत, मध्यस्थामार्फत बोलतात, तसंच हे. मध्यस्थामुळे वेळ लागतो, पण बोलणी आवाक्यात राहतात. कॅन्सरमध्ये जी मोठी गोष्ट बिघडते ती ही की रिसेप्टर असलेली पेशीच इस्ट्रोजेन ऐकून स्वतः विभागायला लागते. मध्यस्थाची गरज संपते. मध्यस्थ मात्र जागचा हलत नाही. तो आता गाठीची कामं करायला लागतो.

मावशीनं गाठ पहिल्यांदा कशी कळली ते सांगताना म्हटलं होतं, "उकडलेला बटाटा कुस्करताना मध्येच कच्ची फोड हाताला लागते ना, तसं." हजार पाठ्यपुस्तकं यापेक्षा नीट वर्णन करणार नाहीत. पण तो टणकपणा कशाचा? मी इतकी वर्षं समजत होते, कॅन्सरच्या पेशींचा. तसं नाही. कॅन्सरच्या पेशी मऊच असतात. बोटाला लागतो तो त्यांच्याभोवती फायब्रोब्लास्टांनी दाटीवाटीनं विणलेला तंतूंचा गोळा. म्हणजे मावशीच्या हाताला जे पहिल्यांदा कळलं, ते शेजाऱ्यांचं काम होतं.

आता मूळ प्रश्न: पाळी गेल्यावर हार्मोन येतं कुठून?

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी जन्मभर काही पुरुषी हार्मोनं बनवत असतात, बायकांतही. त्यांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करायला एकच विकर लागतं, अरोमाटेज. पाळी चालू असताना हे काम प्रामुख्यानं बीजांडकोशात होतं. पाळी गेल्यावर ते चरबीत होतं. चरबी म्हणजे अंगात साठवून ठेवलेला तुपाचा डबा, एवढंच आपण धरून चालतो, पण ती चांगली कामाची ऊती आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तेलाच्या थेंबानं तट्ट फुगलेल्या पेशी दिसतात आणि त्यांच्या फटींत बसलेल्या बारीक, लांबट पेशी. या बारीक पेशी म्हणजे उद्याच्या मेदपेशी. अरोमाटेज मुख्यतः यांच्याकडे असतं. फुगून मोठ्या झाल्या की त्यांच्यातलं अरोमाटेज घटतं.

आणि गाठ नेमकी इथेच हात घालते. तिच्या पेशी अशी द्रव्यं सोडतात की त्यामुळे आसपासच्या या बारीक पेशी मोठ्या होतच नाहीत. पोरं वयात येऊच नयेत अशी तजवीज. त्या तशाच दाटीनं गाठीभोवती साचत जातात आणि अरोमाटेज बनवत राहतात.

एवढ्यावर भागत नाही. अरोमाटेजचा जीन एकच, पण तो चालू करायची बटणं अनेक. बीजांडकोश वापरतो ते बटण वेगळं, स्तनातली चरबी एरवी वापरते ते वेगळं आणि बरंच अशक्त. गाठीतून आणि तिथे जमलेल्या रोगप्रतिकारक पेशींतून प्रोस्टाग्लँडिन ई-2 पाझरतं, म्हणजे सूज आणि वेदनेतलं तेच द्रव्य, जे कमी करायला आपण आयबुप्रोफेन घेतो. त्याचा परिणाम म्हणून शेजारच्या पेशींतलं अशक्त बटण मागे पडतं आणि बीजांडकोशाचं बटण चालू होतं. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. चौदा वर्षांपूर्वी पोटातलं दुकान बंद झालं होतं. गाठीनं शेजारच्या चरबीत त्याची शाखा उघडली होती.

म्हणूनच पाळी गेलेल्या बायकांच्या रक्तात इस्ट्रोजेन अगदी कमी असलं तरी स्तनाच्या ऊतीत ते रक्ताच्या 10 ते 20 पट सापडतं. रक्ताच्या तपासणीत यातलं काही दिसत नाही. एडिंबरात 1988 साली काढून टाकलेल्या स्तनांचे चार भाग करून प्रत्येकातलं अरोमाटेज मोजलं गेलं, तेव्हा ज्या भागात गाठ होती तिथे ते जास्त निघालं. गाठीमुळे अरोमाटेज वाढलं की जास्त अरोमाटेज होतं तिथे गाठ झाली, हे एका मोजमापावरून ठरत नाही. माझ्या मते दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत असणार.

वजनाचा संबंध इथेच येतो. अंगात चरबी फार झाली की काही मेदपेशी मरतात आणि त्यांच्याभोवती मॅक्रोफेज नावाच्या सफाई पेशी कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखं दिसतं. तिथून तेच प्रोस्टाग्लँडिन, तेच बटण. पाळी गेल्यानंतर लठ्ठपणामुळे ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरचा धोका वाढतो, त्यामागचं हे एक कारण. मात्र 'वजनामुळे झालं' असं कुठल्याही एका बाईला सांगू नये. मावशी आयुष्यभर काटकुळी.

आता गोळीकडे वळू. मावशीला लेट्रोझोल लिहून दिली आहे. ही, अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन, तिन्ही अरोमाटेज बंद पाडणाऱ्या गोळ्या. या वाटेवरचं पायाभूत काम अँजेला ब्रॉडी या बाईंनी अमेरिकेत 1970च्या दशकापासून केलं, आणि आजच्या गोळ्या 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आल्या. टॅमॉक्सिफेनचं तंत्र निराळं. ती गोळी कॅन्सरच्या पेशीतल्या रिसेप्टरवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. लेट्रोझोलचा रोख मुख्यतः चरबीतल्या त्या बारीक पेशींवर असतो, म्हणजे शेजाऱ्यांवर. शेजाऱ्याची चूल विझवायची म्हणजे गाठ उपाशी राहते. 'गाठीच्या परिसरावर उपचार' ही उद्याची कल्पना आहे असं लिहिलेलं मी ठिकठिकाणी वाचते. लाखो बायका गेली पंचवीस-तीस वर्षं रोज सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर तोच उपचार गिळताहेत.

मग हे सगळं इतक्या उशिरा का कळलं? एक कारण प्रयोगशाळेच्या सवयीत आहे. हार्मोनवाल्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं एमसीएफ-7 या पेशींवरून कळलंय. 1970 मध्ये एका 69 वर्षांच्या ख्रिस्ती जोगिणीच्या (ननच्या) छातीत साठलेल्या पाण्यातून या पेशी मिळाल्या आणि डेट्रॉइटमध्ये त्या वाढवल्या गेल्या. तेव्हापासून जगभर त्या प्लॅस्टिकच्या बशीत वाढताहेत. तिथे चरबी नाही, फायब्रोब्लास्ट नाही, कोणी नाही. शेजार इतका विस्मरणात गेला होता की ज्या गुलाबी पाण्यात त्या वाढवतात त्याचाही कोणी विचार केला नव्हता. 1986 मध्ये कळलं की त्या पाण्यातल्या फिनॉल रेड रंगातच थोडा इस्ट्रोजेनसारखा गुण आहे. 'इस्ट्रोजेन नसताना' म्हणून केलेल्या कित्येक प्रयोगांत ते थोडंथोडं चालूच होतं.

शेजारी आणून बसवल्यावर चित्र पालटतं. 2005 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेनं रुग्णांच्या गाठीतले फायब्रोब्लास्ट घेतले आणि त्याच स्तनाच्या निरोगी भागातलेही घेतले. दोन्ही गट वेगवेगळे, एमसीएफ-7च्या एका बदललेल्या वाणात मिसळून उंदरांना टोचले. गाठीतल्या फायब्रोब्लास्टांच्या सोबतीनं गाठी जास्त वाढल्या. हे फायब्रोब्लास्ट एसडीएफ-1 नावाचं द्रव्य सोडत होते. ते एकीकडे कॅन्सरच्या पेशींना वाढायला सांगतं आणि दुसरीकडे नव्या रक्तवाहिन्यांसाठी माणसं बोलावून आणतं.

गोळी लागू पडेनाशी होण्यातही शेजाऱ्यांचा वाटा आहे. इस्ट्रोजेन रिसेप्टर एरवी इस्ट्रोजेननं चालू होतो, पण फायब्रोब्लास्टांकडून वाढीची द्रव्यं भरपूर आली तर पेशीच्या आतले निरोप्ये रिसेप्टरवर फॉस्फेटची खूण लावतात आणि तो इस्ट्रोजेनवाचूनही काही प्रमाणात चालू होतो. समोरचं दार बंद केलं तर मागच्या दारानं. अर्थात गोळी निकामी होण्याची हीच एक वाट नाही. काही रुग्णांत, विशेषतः रोग पसरल्यावर, रिसेप्टरच्या जीनमध्येच बदल होतो आणि तो कायमचा चालू राहतो. तिथे शेजाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

मग हे फायब्रोब्लास्ट मारूनच का टाकू नयेत? मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये उंदरांवर ते करून झालंय, आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत रोग आणखी आक्रमक झाला. काही शेजारी गाठीला पोसतात, तर काही तिला रोखून धरतात. सरसकट गाव उठवलं तर राखणदारही जातात.

शेजाराचा विचार कॅन्सरमध्ये पहिल्यांदा आला तो मात्र गाठीच्या जागेवरून नव्हे, ती कुठे पसरते त्यावरून. लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या 735 बायकांच्या नोंदी चाळल्या. यकृतात रोग पोचलेल्या 241, प्लीहेत फक्त 17. रक्त दोन्हीकडे जातं, मग हा फरक का? त्यांनी म्हटलं, बी सगळीकडे पडतं, पण रुजतं ते जमीन मानवेल तिथेच. शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. हार्मोनवाल्या कॅन्सरला मानवणारी जमीन बहुतेकदा हाडाची असते. म्हणून पाळी गेलेल्या बायकांना कधीकधी झोलेड्रॉनिक अॅसिड देतात. ते मुख्यतः हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवरतं. 2015 मध्ये या जातीच्या औषधांच्या चाचण्यांतल्या 18,766 बायकांची माहिती एकत्र तपासली तेव्हा पाळी गेलेल्यांत हाडात रोग उलटण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं, पाळी चालू असलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. तिथंही औषध जमिनीला, बियाला नाही.

याच धाग्यातलं एक काम आपल्या मुंबईतलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 2011 पासून देशातल्या 11 केंद्रांत 1,600 बायकांवर एक साधी चाचणी केली. निम्म्यांना नेहमीची शस्त्रक्रिया. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीच्या सर्व बाजूंनी लिडोकेन टोचलं, दाताचे डॉक्टर बधिर करायला देतात तेच. गाठ हाताळताना तिच्या पेशींना आजूबाजूच्या बदलाची चाहूल लागते आणि त्या पसरायला निघतात, ती चाहूल लिडोकेननं अडेल असा त्यांचा तर्क. 2023 मध्ये निकाल आले: पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्के. मी ते आकडे दोनदा वाचले. काही मिनिटांचं काम आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळणारं औषध.

मध्यंतरी पॅथॉलॉजीतल्या एका मैत्रिणीनं मला शिकवण्यासाठी ठेवलेली एक ईआरची स्लाइड दाखवली. कॅन्सरच्या पेशींची केंद्रकं तपकिरी, फोडणीत तडतडून गेलेल्या मोहरीसारखी गडद. ती किती आहेत याचे पाचापर्यंत गुण आणि किती गडद याचे तीनापर्यंत. बेरीज 8. मावशीचा 8 असाच आला असणार. तपकिरी ठिपक्यांच्या झुबक्यांमधून फिकट निळसर लांबट पेशींचे पट्टे गेले होते, जवळपास निम्मी काच व्यापून. "याचे गुण?" मी विचारलं. "याचे नाहीत," ती म्हणाली आणि काच पुढे सरकवली.

मावशीला मी हे सगळं सांगितलं, अर्थात एवढं पाल्हाळ न लावता. "म्हणजे चरबी बनवते म्हण की," एवढंच ती म्हणाली. तिची सध्याची तक्रार वेगळी आहे. लेट्रोझोल सुरू झाल्यापासून सकाळी बोटं आखडतात, मूठ वळत नाही. या गोळ्यांचा हा नेहमीचा त्रास, आणि त्याचं मूळही इथंच. गोळी गाठीशेजारचं अरोमाटेज आणि अंगातलं बाकीचं अरोमाटेज यांत फरक करत नाही. सांध्यांना, हाडांना लागणारं थोडंसं इस्ट्रोजेनही जातं. बटणं वेगळी आहेत, तर फक्त स्तनातलं ते एक बटण बंद करता येईल का, यावर संशोधन चालू आहे. तसली गोळी अजून कुठल्या दुकानात नाही. तेव्हा मावशी उठल्यावर आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसते आणि मग चहाचं आधण ठेवते.